काळ्या मातीतली चाकं: गाडीचे टायर आणि रिम घरच्या घरी स्वच्छ कसे करायचे

सकाळी गाडी पांधणीच्या, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेच्या, चिखलातून वावरात जाते आणि दुपारी तीच गाडी समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगानं नागपूरकडे धावत असते. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा या पट्ट्यातल्या कितीतरी गावांसाठी हे नेहमीचं झालं आहे. चिखलाखाली रुतलेला बाभळीचा काटा किंवा पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) खुंटानं टायरच्या बाजूला पाडलेली चीर पांधणीत जाणवत नाही. महामार्गाच्या वेगाला मात्र तीच जिवावर बेतते. म्हणून चाकं धुणं मी निव्वळ गाडी चमकवण्याचं काम मानत नाही. चाक धुताना आपला हात टायरच्या इंचाइंचावरून फिरतो आणि एरवी चिखलाआड लपलेलं सगळं तेव्हा सापडतं. वॉशिंग सेंटरवर पाच मिनिटांत फवारा मारून मोकळं होणाऱ्या माणसाला ते सापडत नाही.

ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे आणि घरच्या अंगणात, बोअरच्या पाण्यावर, कुठल्याही महागड्या मशीनशिवाय हे काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

आधी घाण कोणती ते ओळखा

अमरावती, यवतमाळ, अकोला, वर्धा, वाशिम, बुलढाणा या भागातली काळी माती बसॉल्ट खडक झिजून तयार झालेली आहे. तिच्यातल्या चिकणमातीचा गुण असा, की ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या यामुळेच. ओली असताना ही माती हाताला, पायाला, चाकाला सोडत नाही आणि वाळली की तिचं कडक ढेकूळ होतं. या मातीशी जोर करून चालत नाही, तिला भिजवावं लागतं. ते कसं, हे पुढे सविस्तर येईल.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्यांतला चिखल त्या मानानं लवकर निघतो, पण मुरमाची लाल धूळ नटबोल्टच्या खाचांत जाऊन बसते. चंद्रपूर, घुग्घुस, वणी या कोळशाच्या पट्ट्यात चाकांवर काळी, कणीदार भुकटी असते. ती पाण्यात विरघळत नाही आणि कोरड्या फडक्यानं पुसली की रिमवर बारीक ओरखडे उठतात. भरपूर पाणी सोडल्याशिवाय तिला हात लावू नका. गडचांदूर, कोरपन्याच्या बाजूला राहत असाल तर सिमेंटची धूळ आहेच. ती ओली होऊन वाळली की घट्ट धरते, त्यामुळे तिथं चाकं धुण्याला आठवड्याच्या वर उशीर नको.

आणि कुठल्याही गावची गाडी असो, ब्रेकची भुकटी तर असतेच. ब्रेक दाबला की ब्रेकचं पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर घासतं आणि दोन्हींचे गरम कण उडून रिमवर चिकटतात. ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो आणि बहुतेक छोट्या गाड्यांना मागे डिस्क नसून ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखे ब्रेक, असतात, म्हणून पुढची चाकं मागच्यापेक्षा काळपट दिसतात. त्यात बिघाड काही नाही. मात्र पुढच्या दोन चाकांपैकी एकच खूप काळं होत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकून राहतो की काय, हे मिस्त्रीला दाखवा.

सामान

चाकांसाठी दोन बादल्या वेगळ्या ठेवा, एक साबणाच्या पाण्याची आणि एक ब्रश-फडकं खळबळायची. बोनेटचा कपडा चाकाला आणि चाकाचा कपडा बोनेटला कधीच लागता कामा नये. चाकाच्या कपड्यात लोखंडाची कच राहते आणि ती बोनेटवर गोल गोल ओरखडे पाडते. घरात दुसरं कोणी गाडी धूत असेल तर चाकाच्या कपड्याला कोपऱ्यात गाठ मारून ठेवा, म्हणजे गल्लत होत नाही.

ब्रश तीन लागतात. टायरसाठी कपडे धुण्याचा कडक ब्रश पुरतो. रिमच्या तोंडासाठी मऊ केसांचा, रंगाऱ्याकडे असतो तसा दोन इंची ब्रश. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पट्टी रिमला घासते. रिमच्या आत हात जात नाही तिथं बाटली धुण्याचा लांब ब्रश, पण त्याची तार टोकाला उघडी नसावी. तारेची घासणी आणि लोखंडी ब्रश या कामात आणूच नका.

साबण म्हणून कार शॅम्पू सर्वांत चांगला. तो तालुक्याच्या गावी ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो आणि एक बाटली बरेच महिने पुरते. बाटलीवर जेवढं प्रमाण लिहिलं असेल तेवढंच घ्या. शॅम्पू संपलाच तर डोक्याच्या साध्या शॅम्पूची पुडी एखाद्या वेळी चालते. कपडे धुण्याची पावडर मात्र नको. ती रिमवरचं मेण धुऊन नेते. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू आणि संडास साफ करायचं ॲसिड यांतलं काहीही अलॉय व्हीलला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमला, लावू नका. अलॉयवर पारदर्शक लेपाचा पातळ थर असतो. ॲसिडनं तो उडाला की आतल्या ॲल्युमिनियमवर पांढरे, वळवळणारे डाग धरतात आणि ते पुन्हा घरी निघत नाहीत.

याशिवाय एक जुनी चुंगडी किंवा गोणपाट, बांबूची चपटी कामटी, रबरी हातमोजे आणि बसायला पिढं.

जागा आणि वेळ

सकाळी ९ च्या आत किंवा उन्हं उतरल्यावर, सावलीत. चाकं हाताला गार लागली पाहिजेत. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर किमान अर्धा तास उभी राहू द्या. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते आणि मग ब्रेक दाबला की पायाला थरथर जाणवते. उन्हात आणखी एक अडचण असते. साबण रिमवरच वाळतो आणि त्याचे डाग दुसऱ्यांदा काढत बसावे लागतात.

विहिरीजवळ, हातपंपाजवळ, नाल्यात किंवा जनावरं पाणी पितात त्या डोहाशी गाडी धुऊ नका. चाकांच्या पाण्यात तेल, डांबर, लोखंड, रसायनं सगळं असतं. अंगणाच्या कडेला, जिथं पाणी जमिनीत जिरेल पण पिण्याच्या पाण्यात जाणार नाही अशी जागा निवडा. चाकाच्या कमानीत हात घालण्याआधी वाकून बघायची सवय लावा. पावसाळ्यात विंचू किंवा साप आडोशाला येऊन बसतो.

गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि एका चाकाला दोन्ही बाजूंनी दगडाची ओट लावा. हँडब्रेक ओढू नका, कारण पुढे सांगितलं आहे.

आणि चाकं आधी, बाकी गाडी नंतर. उलटं केलं तर धुतलेल्या दारांवर चाकाची घाण उडते.

पहिली पायरी: चिखल सोडवणं

नवा माणूस जास्तीत जास्त नुकसान करतो ते इथंच. वाळलेलं ढेकूळ दिसलं की स्क्रू ड्रायव्हर किंवा विळ्याचं टोक घालून उपटायला जातो आणि रिमला खाच पाडतो.

आधी हातानं निघतील तेवढी ढेकळं काढा. काळी माती वाळताना आकसते, त्यामुळे रिमपासून थोडी सुटलेली असते. मोठी ढेकळं नुसती दाबली तरी तुटतात. त्यानंतर गोणपाट पाण्यात बुडवून, न पिळता, चाकावर घाला. १५ ते २० मिनिटं तसंच राहू द्या आणि मध्ये एकदा वरून तांब्याभर पाणी ओता. तेवढ्या वेळात दुसऱ्या चाकाची ढेकळं काढून होतात. माती पाणी पिऊन फुगली की तिची पकड सुटते. मग गोणपाट काढून वरून खाली पाणी सोडा, चिखल आपोआप सरकतो. सांध्यांत राहिलेला कामटीनं अलगद उचला. बांबूनं ना रिमला ओरखडा पडतो ना रबराला.

आता महत्त्वाची जागा, रिमच्या आतली बाजू. बाहेरून चाक लख्ख दिसतं आणि आत पाव-अर्धा किलो माती एकाच जागी चिकटून वाळलेली असते. असं चाक ताशी ६०-८० च्या वेगाला थरथरतं आणि स्टीअरिंग हातात हलायला लागतं. लोक घाबरून थेट बॅलन्सिंग करायला, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करून घ्यायला, जातात. पावसाळ्यात वावरातून आल्यावर असं झालं, तर आधी रिमची आतली बाजू धुऊन बघा. कितीतरी वेळा तेवढ्यानंच थरथर थांबते. आत हात घालून गोल फिरवा. वर, जिथं नजर जात नाही तिथंच माती जास्त असते. हाताला शिशाच्या किंवा लोखंडाच्या चिकटवलेल्या छोट्या चपट्या वड्या लागल्या तर त्या बॅलन्सिंगच्या आहेत. त्यांना ढेकूळ समजून काढू नका.

पोलादी रिमवर प्लास्टिकचं कव्हर असेल तर तेही काढा. आत माती साचून लोखंड गंजतं. कव्हर हरवू नये म्हणून बरेच जण ते प्लास्टिकच्या टायनं बांधून घेतात. ती टाय कापा, दोन्ही हातांनी कव्हर समोरासमोरच्या कडांना धरून सारख्या जोरानं ओढा. परत बसवताना हवेच्या वॉल्व्हसाठी ठेवलेली खाच वॉल्व्हसमोरच आली पाहिजे.

दुसरी पायरी: कमान

चाकाच्या वरची कमान टायरच्या आधी धुऊन घ्या, नाहीतर तिथला चिखल धुतलेल्या टायरवर पडतो. पुढची चाकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वळवा, म्हणजे दोन्हीकडून हात जातो. मातीबरोबर पऱ्हाटीच्या काड्या, सोयाबीनचं कुटार, गवत अडकलेलं असतं, ते ओढून काढा. ब्रेकच्या रबरी नळीला आणि तिथल्या वायरींना ओढाताण होऊ देऊ नका. एवढंच.

प्रेशर पंप वापरत असाल तर त्याचं तोंड टायरपासून किमान फूटभर लांब ठेवा आणि धार एकाच जागी धरू नका. गोल फिरणाऱ्या धारेचा नोझल टायरवर वापरायचाच नाही. जवळून मारलेल्या धारेनं टायरच्या बाजूला बाहेरून न दिसणारी इजा होते.

तिसरी पायरी: टायर

एका वेळी एकच चाक घ्या. टायर ओला करा, कडक ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवा आणि गोल गोल घासा. पहिला फेस तपकिरी येतो. तो धुऊन पुन्हा घासा. फेस पांढरा येऊ लागला की टायर स्वच्छ झाला.

हा तपकिरी रंग म्हणजे निव्वळ माती नसते. हवेतल्या ओझोननं रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये एक रसायन मिसळलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवा लागून तपकिरी होतं. त्यामुळे नवा टायरही काही महिन्यांत तांबूस दिसू लागतो. तो खराब झालेला नसतो. साबणानं घासल्यावर आतला काळा रंग पुन्हा दिसतो.

फेस असतानाच एक काम करून घ्या. टायरवर साबणाचं पाणी राहू द्या आणि मिनिटभर शांत बसून बघा. एखाद्या जागी बारीक बुडबुडा एकसारखा फुगत असेल तर तिथून हवा जाते आहे. वॉल्व्हच्या बुडाशीही असंच बघा. बाभळीचा काटा ट्यूबलेस टायरमध्ये असा बसतो, की दिवसाला थोडी थोडी हवा जाते आणि आपल्याला वाटतं थंडीमुळे कमी झाली. काटा खोल असेल तर घरी उपटू नका. तोच सध्या छिद्र बुजवून आहे. जागेवर खडूनं खूण करा, हवा बघा आणि सावकाश पंक्चरच्या दुकानी जा.

चौथी पायरी: रिम

मऊ ब्रशनं वरून खाली घासा, आधी रिमचं तोंड, मग नटांच्या खाचा, मग लांब ब्रशनं आतली बाजू. ब्रश सारखा दुसऱ्या बादलीत खळबळत राहा. पाणी काळं झालं की बदला. चारही चाकांना एकच पाणी वापरणं म्हणजे पहिल्या चाकाची कच चौथ्या चाकाला घासणं. चिखल आधी सुटलेला असेल तर चार चाकांना तीन-चार बादल्या पाणी पुरतं, त्यामुळे टँकरच्या दिवसांतही ही काटकसर करायची गरज नाही. बादलीतलं गढूळ पाणी थोडं बसू दिलं की वरचं पाणी कमान धुवायला चालतं.

साबणानंही जे बारीक तांबूस-काळे ठिपके जात नाहीत, ते ब्रेकच्या भुकटीचे रुतलेले कण. त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. गार रिमवर फवारायचा. तीन-चार मिनिटांत लोखंडाला लागून तो जांभळा होतो आणि रिमवरून जांभळे ओघळ येऊ लागतात. नव्या माणसाला वाटतं रंगच निघाला, पण ते विरघळलेलं लोखंड असतं. वास सडक्या अंड्यासारखा येतो, मोकळ्या हवेत करा, हातमोजे घाला आणि रिमवर वाळू न देता भरपूर पाण्यानं धुऊन टाका. वर्षातून तीन-चार वेळा पुरे. लेप उडालेल्या, उघड्या पडलेल्या अलॉयवर आधी एका कोपऱ्यात लावून बघा. कोंबड्या, वासरं, लहान मुलं यांना त्या पाण्यापासून लांब ठेवा.

उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर वितळून रिमवर ठिपके पडतात. नखानं खरवडू नका. टार रिमूव्हर किंवा थोडं रॉकेल फडक्याला लावून ठिपक्यावर अर्धा मिनिट धरा, डांबर मऊ झालं की पुसून घ्या आणि ती जागा लगेच साबणानं धुवा. हे फक्त रिमला, टायरला नाही.

दसऱ्याच्या दिवशी आपण गाडीची पूजा करतो, ती जरूर करावी. संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी मात्र चाकांवरचं हळदीकुंकू आणि नारळाचं पाणी धुऊन टाका. नारळाचं पाणी गोडसर असतं, त्यावर धूळ धरते आणि मुंग्या येतात.

पाचवी पायरी: पुसणं, आणि खाऱ्या पाण्याचा प्रश्न

पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूर या बाजूला, बोअरचं पाणी खारं असतं. असं पाणी रिमवर वाळलं की पांढरे गोल डाग उरतात. तिथं धुण्याइतकंच पुसणंही महत्त्वाचं आहे. एक चाक धुऊन झालं की लगेच कोरडं करा, चारही धुऊन मग पुसू असं म्हणू नका. शेवटचं पाणी तरी गोडं घ्या. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवून साठवलेलं पावसाचं पाणी यासाठी उत्तम. दोन तांबे एका चाकाला पुरतात. चिंच-लिंबू नको म्हटलं असलं तरी डाग पडलेच असतील तर एवढ्यापुरतं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडक्यानं मिनिटभर लावून लगेच धुवा. लेप उडालेल्या रिमवर हे करू नका.

पुसायला मायक्रोफायबर चांगलं. जुन्या सुती बनियनचा तुकडाही चालतो, शिवण तेवढी कापून टाका. नटांच्या खाचांतलं पाणी राहून गंज धरतो, कपड्याचं टोक तिथपर्यंत न्या. पोलादी रिमवर गंजाचे ठिपके दिसले तर तेवढीच जागा बारीक पॉलिश पेपरनं घासून प्राइमर आणि चंदेरी रंगाचा हात मारा.

अलॉय कोरडं झाल्यावर त्यावर गाडीच्या मेणाचा पातळ हात दिला तर पुढच्या खेपेला चिखल आणि ब्रेकची भुकटी नुसत्या पाण्यानं निघते. दोन-तीन महिन्यांतून एकदा, पावसाळा लागायच्या आधी तर नक्कीच. चाकांवर खर्च करायचा असेल तर तो इथं करा, चमकवणाऱ्या फवाऱ्यांवर नको.

सहावी पायरी: तळहातानं तपासणी

आता टायर स्वच्छ आणि कोरडा आहे. ही पायरी घाईत करू नका.

बाहेरच्या बाजूवरून तळहात फिरवा, मग आतल्या बाजूवरून. चीर लागली तर नखानं हलकेच उघडून बघा. आत दोरे दिसले तर टायर संपला. बाजूला कुठं फुगा असेल तर आतले दोरे तुटलेले आहेत, खड्ड्यात किंवा धुऱ्यावर आपटल्यावर असं होतं. फुग्याला दुरुस्ती नाही. त्या टायरवर महामार्गाला जाऊ नका.

मग रस्त्याला लागणारा भाग. खाचांत अडकलेली गिट्टी कामटीनं काढा. खाचेच्या तळाशी आडवी उंच पट्टी असते, ती १.६ मिलिमीटरवर असते. रबर झिजून त्या पट्टीला आलं की टायर बदलायचा, नियमही तेच सांगतो. ही पट्टी सापडत नसेल तर टायरच्या बाजूला 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा आणि तिथून सरळ वर या. पट्टीपर्यंत यायच्या बऱ्याच आधीपासून चिखलात आणि पाण्यात टायरची पकड कमी होते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या खाली असलेला टायर मी पुढच्या दिवाळीवर ढकलणार नाही.

झीज कुठं आहे ते वाचता येतं. मधोमध जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलं आहे. आतली कड डोळ्यांना दिसत नाही, तिथं हातच लागतो. एका दिशेनं हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेनं करवतीसारखा खरखरतो, हीही अलाइनमेंटचीच खूण. टायरचा जमिनीला टेकलेला भाग तपासायचा राहतो, म्हणून गाडी अर्धा फेरा पुढं घ्या आणि तेवढं बघून घ्या.

बाजूलाच चार आकडे एका लंबगोलात कोरलेले असतात. ३४२१ म्हणजे २०२१ सालचा ३४ वा आठवडा, टायर तेव्हा बनला. गाडी कमी चालते म्हणून टायर नवाच आहे असं समजू नका. ऊन, ओझोन आणि वय यांनी रबर कडक होतं. टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करायला आणि दहा वर्षांनी कसाही दिसला तरी बदलायला सांगतात. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे आकडे पहिल्याच दिवशी वाचा.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. चालवून तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते, ती सोडून देऊ नका. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असा समज गावोगाव आहे, तो उलटा आणि धोक्याचा आहे. हवा कमी असेल तर टायरची बाजू जास्त दबते, जास्त तापते आणि फुटण्याची शक्यता वाढते. हवा भरून झाली की वॉल्व्हच्या टोपीत माती नाही ना बघून ती परत लावा.

टायर काळेभोर करायचे असतील तर

वॉशिंग सेंटरवर गेलात की पोरगा हमखास विचारतो, "भाऊ, डिझल मारून देऊ काय? टायर कायेभोर दिसतीन." नाही म्हणा. डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल यांनी टायर दिवसभर चमकतो खरा, पण तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि पुढे भेगाळतं. जळकं ऑइल लाकडाला वाळवीपासून वाचवत असेल, टायरला ते नको. खोबरेल किंवा खाण्याचं तेलही नको, त्यावर धूळ चिकटते.

काळेपणा हवाच असेल तर पाण्यात बनवलेलं, दुधासारखं दिसणारं टायर ड्रेसिंग घ्या. तेलकट चमकीचं जे असतं ते चाक फिरल्यावर उडून दारांवर ठिपके पाडतं, आणि मुरमाच्या रस्त्यावर त्याच्यावर धुळीचा राप बसतो. टायर पूर्ण कोरडा असताना स्पंजच्या तुकड्यावर थोडंसं घेऊन फक्त बाजूला पातळ लावा, २० मिनिटं मुरू द्या आणि उरलेलं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. रस्त्याला लागणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या डिस्कवर त्याचा थेंबही जाऊ देऊ नका. मोटरसायकलच्या टायरला तर लावूच नका. वळताना मोटरसायकल कलते आणि टायरचा कडेचा भाग रस्त्याला टेकतो, तिथंच घसरते.

धुऊन झाल्यावर

गाडी गल्लीतून सावकाश चालवा आणि चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबा. ओल्या ब्रेकनं गाडी लगेच थांबत नाही, आणि दाबल्यानं ते वाळतात. दुसऱ्या दिवशी डिस्कवर नारिंगी गंज दिसेल. घाबरू नका, पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये तो पुसला जातो. ब्रेक ओले असताना हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर ठेवली तर मागच्या ड्रममध्ये ब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणारे तुकडे) चिकटतात आणि सकाळी चाक जाम झालेलं असतं. पावसाळ्यात हे फार होतं. म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ओट लावणं बरं.

किती दिवसांनी? वावरात गेलात तर त्याच दिवशी निदान नुसत्या पाण्यानं, रिमच्या आतल्या बाजूसकट. साबणानं पंधरवड्यातून एकदा. तळहातानं तपासणी महिन्यातून एकदा, आणि समृद्धीवर किंवा लांबच्या लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी तर हमखास.

त्याच दिवशी डिकी उघडून स्टेपनीही बाहेर काढा. तिला कोणी धूत नाही, तिच्यावरचे चार आकडे कोणी वाचत नाही आणि तिची हवा पंक्चर झाल्यावरच बघितली जाते. ओल्या फडक्यानं पुसा, हवा भरा, बाजूवरून हात फिरवा. उंदरांनी रबर कुरतडलं नाही ना, जॅक आणि पाना जागेवर आहे ना, पान्याला गंज चढला असेल तर तेलाचा हात, एवढं करून डिकी लावून टाका.